काळ्या रानाचा रंग

त्या कामाचं कागदावरचं नाव लांबलचक होतं. आम्ही आपसांत त्याला 'रंगवायचं काम' म्हणायचो. कोल्हापूरच्या पूर्वेला पंचगंगेकाठचा ऊस मागे पडतो, बोलण्यात कानडी शब्द यायला लागतात, आणि त्याच्याही पुढं एका कोरड्या नदीचं खोरं लागतं. पावसाळ्यात ती नदी चार-दोनदा पाणी दाखवायची. बाकी वर्षभर तिच्या पात्रातून ट्रॅक्टर जायचे, शेळ्या बसायच्या. तिथं कालवा येणार होता. कालव्याचं पाणी पाटानं, आपलं आपण, उतारानं वाहत जाऊन कुठल्या जमिनीला देता येईल आणि कुठल्या जमिनीला देऊ नये, याचा नकाशा आम्हाला करायचा होता. पाणी मानवेल ती जमीन हिरवी, बेतानं द्यावं लागेल ती पिवळी, देऊच नये ती तांबडी.

तेव्हा मी नुकतीच कोल्हापुरात मंगळवार पेठेत सून म्हणून आले होते. हिवाळाभर बाहेरगावी राहायचं, तेसुद्धा लोकांची रानं उकरायला, हे सासूबाईंना काही केल्या पटेना. "मातीच बघायची तर रंकाळ्याला जा की, संध्याकाळी घरी तरी येशील," त्या म्हणाल्या. पण बॅग भरताना शेंगदाण्याची चटणी त्यांनीच डब्यात दाबून दाबून भरली.

खोऱ्यात कायम राहणाऱ्या आम्ही दोघीच. दुर्बीण लावून उतार मोजणं आणि नकाशा करणं माझ्याकडं, माती तपासणं माझ्या मैत्रिणीकडं. आमचे सर अधूनमधून येऊन काम बघून जायचे. मैत्रीण इचलकरंजीची. वडिलांचा जन्म यंत्रमागावर गेलेला, घराच्या भिंतीला भिंत लावून कारखाना. त्यामुळं ती साधं बोलली तरी भांडतेय असं वाटायचं. "आमच्यात हळू बोललेलं कुणाला ऐकायलाच येत न्हाय," ती हसून म्हणायची. शेतीचा एक तुकडा तिच्या घराण्यात कधी नव्हता, आणि मातीवर मात्र तिचा असा जीव की ढेकूळ हातात घेतलं की ती बोलायची थांबायची.

गावात राहायला लॉज वगैरे काही नव्हतं. सरपंचांनी आमची सोय एका बाईंच्या घरी, बाहेरच्या खोलीत केली. साठीच्या आसपासच्या, उंच, कपाळावर गोंदलेलं, आणि आवाज असा की माझ्या मैत्रिणीनंही दचकावं. सगळं गाव त्यांना आक्का म्हणायचं, आम्हीही म्हणू लागलो. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. रान त्या स्वतः बघायच्या, दारात दोन म्हशी होत्या.

"पाणी आणायला आलासा व्हय?" जीपमधून सामान उतरवत असतानाच त्यांनी विचारलं.

"पाणी नाही आक्का. आधी माती बघायला आलोय."

"मातीत काय बघायचं? हितं मातीशिवाय हाय काय दुसरं? या आत. च्या पितासा न्हवं?"

त्या हिवाळ्यासारखे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत. सकाळी उन्हं कोवळी असतानाच आम्ही निघायचो. खांद्यावर ऑगर, म्हणजे जमिनीत फिरवत न्यायचं लांब दांड्याचं लोखंडी गिरमिट. मैत्रीण ते फिरवायची, मी दांड्यावर भार द्यायचे. वर आलेली माती पोत्यावर ओळीनं मांडायची: वरची वरती, खालची खाली. वरती काळी, मग तपकिरी, मग कुठं पिवळसर मुरूम, कुठं नुसता दगड. ती चिमूट ओली करून बोटांत चोळायची, तिची फीत निघते का बघायची, मग बाटलीतला आम्लाचा थेंब टाकायची. चुनखडी असली की माती फसफसायची. ते फसफसणं बघायला बांधावर बायका जमायच्या. "रान सोडा पितंय बगा," एकीनं म्हटलं, आणि पुढं गावभर तेच नाव पडलं. आम्ही सोडा पाजणाऱ्या बायका.

दुपारी आक्का कुठूनतरी आम्हाला शोधून काढायच्या. शाळूच्या उंच ताटांमधून आधी त्यांची हाक यायची, मग डोक्यावरची पाटी दिसायची. भाकरी, झुणका, दह्याचं गाडगं, आणि मैत्रिणीसाठी खरडा, कारण ती तिखटाशिवाय जेवायची नाही. शाळू हुरड्यात आला तेव्हा तर आमचं कामच थंडावलं. ज्या रानात जाऊ तिथं कणसं भाजलेली. घरी आल्यावर केसांना धुराचा वास यायचा. आजही कुणी शेकोटी केली तर मला आधी ते खोरं आठवतं, बाकी सगळं नंतर.

आक्कांना एकच मुलगा होता. तो इचलकरंजीत माग चालवायचा. बायकामुलं तिकडंच, एका खोलीत. मैत्रीण इचलकरंजीची आहे हे कळल्यापासून आक्का तिला सारखं विचारायच्या, तिथं पाणी कसं मिळतं, खोली केवढी असते, रातपाळीला जेवायचं काय करतात. मैत्रीण खरं ते सांगायची. मग आक्का म्हणायच्या, "एकदा पाणी येऊ दे. मग आणतो त्याला. काळ्या रानात ऊस घालायचा, पोरगं घरात आणायचं."

काळं रान म्हणजे नदीकाठचं त्यांचं शेत. गावात सगळ्यात चांगलं समजलं जाणारं. सपाट, खोल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारं, आणि थंडीतल्या नुसत्या दहिवरावर शाळू पिकवणारं. वरच्या माळावरही त्यांचा एक पट्टा होता, पण तो त्या मोजायच्याच नाहीत. "ते काय, शेरडं चारायला," म्हणायच्या.

काळ्या रानात ऑगर घातला तेव्हा आक्का स्वतः बांधावर उभ्या होत्या. वरची माती बघून मैत्रीण खूश झाली. दांडा आणखी खाली गेला आणि मातीचा रंग मळका, राखाडी होत गेला. शेवटच्या मातीत पांढरे बारीक ठिपके होते. तिनं ती माती जिभेला लावली. मग माझ्याकडं बघितलं.

"काय झालं गं?" आक्कांनी विचारलं.

"काही नाही आक्का. पिशवीत भरून तपासायला पाठवू."

त्याच काठानं आम्ही आणखी बऱ्याच ठिकाणी माती काढली. सगळीकडं तेच. वरती देखणी काळी माती, खाली क्षार आणि पाणी धरून ठेवणारा चिकट थर. प्रयोगशाळेचं उत्तर यायच्या आधीच आम्हाला ते माहीत होतं. अशा जमिनीला पाटाचं भरपूर पाणी दिलं तर ते खाली निचरत नाही. साठतं, वर चढतं, आणि येताना मीठ घेऊन येतं. काही वर्षं पीक जोरात येतं, मग रान पांढरं पडतं. उलट, आक्का ज्याला शेरडं चारायचं म्हणत होत्या तो माळाचा पट्टा बेताच्या खोलीचा, खाली मुरूम, उतार हलका. तो हिरवा होत होता.

निकाल आला त्या संध्याकाळी मी कच्चा नकाशा त्यांच्या ओसरीवर पसरला. गावाच्या आधी त्यांना सांगायचं, असं आम्ही दोघींनी ठरवलं होतं. त्यांनी नदी ओळखली, देऊळ ओळखलं, मग बोट काळ्या रानावर ठेवलं. तिथं मी तांबडी पेन्सिल फिरवलेली होती.

"तांबडं म्हंजे?"

मैत्रिणीनं समजावून सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हैस मध्येच रेकली, तिच्याकडंही त्यांनी बघितलं नाही.

"आणि माळ हिरवा?"

"हो."

"चेष्टा लावलीया व्हय गं?" त्या म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यानं ह्या रानावर पाच पोरी उजवल्या. त्याला पाणी नको म्हणतासा?" मग आवाज एकदम खाली आला. "पेन्सिल तुमच्याच हातात हाय न्हवं? मग बदला की रंग. कोण बघतंय?"

मी म्हटलं, "आक्का, रंग बदलला तरी माती बदलणार नाही."

"माझा ल्योक तिकडं कापूस गिळतोय," त्या म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या. जेवायला वाढलं त्यांनी, पण आपण आमच्याबरोबर बसल्या नाहीत. पुढचे काही दिवस दुपारी शाळूतून हाक आली नाही. पाटी शेजारची बाई आणून द्यायची. मैत्रीण सगळ्यात जास्त खचली होती. "माझा बाप पण असाच कापूस गिळून खोकायचा," ती एकदा ऑगर पुसता पुसता म्हणाली. "मला काय तांबडं करायची हौस हाय?"

आक्कांना मामाकडं न्यावं, हे मला एका दुपारी सुचलं. माझं आजोळ शिरोळकडचं. मामाचं रान एके काळी उसासाठी पंचक्रोशीत नावाजलेलं. लहानपणी सुट्टीत आम्ही त्या उसात लपाछपी खेळायचो आणि बाहेरची वाट सापडेना म्हणून रडायचो. कॉलेजात जाईपर्यंत त्याच रानावर वेड्या बाभळी आल्या होत्या. आम्हा मुलांना त्याचं फार काही वाटलं नव्हतं. खेळायला दुसरीकडं जायचं, एवढंच.

आक्का आधी नाही म्हणाल्या. मग मैत्रीण म्हणाली, "तिथनं इचलकरंजी जवळ हाय. येताना तुमच्या पोराला भेटू." यावर त्यांनी रात्रीतून धपाटी केली, आणि सकाळी आमच्या आधी जीपमध्ये जाऊन बसल्या.

मामा तेव्हा सत्तरी ओलांडलेला. त्यानं आक्कांना "या पावणं" म्हणून खुर्ची दिली, मामीनं चहा केला. मी काय काम आहे ते सांगितल्यावर तो चहा अर्धा ठेवून उठला. "चला, दावतो."

रान घरापासून जवळच. कडेला लव्हाळा माजलेला, मध्ये बाभळी, आणि मोकळ्या जागेत जमिनीवर पीठ सांडल्यासारखा पांढरा थर. हिवाळ्याच्या उन्हात त्याच्याकडं बघवत नव्हतं. मामानं पायातली चप्पल काढून टाचेनं तो थर खरवडला. खाली काळी माती होती. तीच, आक्कांच्या रानासारखी.

आक्का खाली बसल्या. माती हातात घेतली, वास घेतला, आणि कुणी काही सांगायच्या आत जिभेवर ठेवली. मग पदरानं तोंड पुसलं.

"किती वर्सं पिकलं?" त्यांनी विचारलं.

"पयल्यांदा पाणी आलं तवा मी गावात पेढे वाटलं व्हतं," मामा म्हणाला. "बैलगाडीत मावायचा न्हाय असा ऊस यायचा. पोरींची लग्नं झाली, घर झालं. मग एका कोपऱ्यात पांढरं दिसाय लागलं. म्हटलं, खत सांडलं आसंल."

"मग पाणी का तोडलं न्हाईसा?"

"शेजारी भिजवतोय, मी कसा थांबू? आणि खरं सांगू आक्का? पाणी समोर दिसत असताना हात राहत न्हाय."

आक्का त्याच्याकडं बघत राहिल्या. मग मामाच्या खांद्याला नुसता हात लावून त्या पुढं चालू लागल्या. ओळख होऊन तासही झाला नव्हता. मामाच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या रानाबद्दल त्याला हळवं झालेलं मी कधी बघितलं नव्हतं. आम्ही घरचे लोक त्या रानाविषयी कधी बोलायचोच नाही.

परतताना इचलकरंजीत थांबलो. मुलगा दिवसपाळीवर होता. मैत्रिणीला गल्ल्या पाठ, तिनं थेट कारखान्याच्या दारात नेलं. आक्का आयुष्यात पहिल्यांदा मागाचा कारखाना बघत होत्या. आतून येणारा तो खडखडाट छातीत बसत होता. मुलगा दोन मागांच्या मधल्या फटीतून सरकत होता, तुटलेला धागा जोडत होता, केसांवर भुवयांवर कापसाची पांढरी पूड. आक्कांनी हाक मारली. गावच्या या टोकाची हाक त्या टोकाला जाईल असा त्यांचा आवाज, पण इथं तो त्यांच्या ओठांपुढं गेला नाही. त्यांनी पुन्हा मारली. शेवटी शेजारच्या कामगारानं मुलाच्या खांद्यावर थाप मारून दाराकडं बोट केलं.

तो बाहेर आला, घाबरलेला. "अव्वा? काय झालं? कोण आजारी हाय?"

"कोण न्हाय. धपाटी आणल्यात," त्या म्हणाल्या, आणि पदरानं त्याच्या भुवया पुसू लागल्या. एवढ्या मोठ्या माणसाला लाजल्यासारखं झालं, पण तो हलला नाही.

जीप गावाकडं निघाली तेव्हा ऊन उतरलं होतं. मग आक्का मागच्या सीटवरून म्हणाल्या, "तांबडं तर तांबडं. पटलं मला. पर नुसतं तांबडं रंगवून जाऊ नगासा. माणूस आजारी हाय म्हणून सांगायचं आणि निघून जायचं, ह्याला काय अर्थ? औषीद सांगा."

मैत्रीण वळून त्यांच्याकडं बघत राहिली आणि मग मला म्हणाली, "बरोबर हाय की गं त्यांचं."

सरांच्या पुढच्या खेपेला आम्ही विषय काढला. ते भले माणूस, पण मुदतीची काळजी करणारे. सुरुवातीला वैतागले. मग नकाशावर वाकून बराच वेळ बसले आणि म्हणाले, "निचऱ्याचे चर काढून पाणी ओढ्यात सोडता येत असेल, तर त्या भागाला वेगळी खूण करता येईल. पण तेवढा उतार आहे का? असेल तर दाखवा."

त्यासाठी आम्ही मुक्काम वाढवला. काठाकाठानं दुर्बीण लावत, समोर आकड्यांची उंच पट्टी धरत, काळ्या रानातलं पाणी ओढ्याकडं कुठून काढता येईल ते शोधलं. पट्टी धरायला आक्का यायच्या. दुर्बिणीत आधी त्यांचं हिरवं लुगडं दिसायचं, मग आकडे. "सरळ धरलीया का गं?" त्या तिथून ओरडायच्या, आणि गाव हसायचं. काही ठिकाणी उतार मिळाला, काही ठिकाणी नाहीच मिळाला. जिथं मिळाला तिथं मी तांबड्यावर निळ्या तिरक्या रेघा मारल्या: आधी चर, मग पाणी, तेही थोडं. आक्कांचं अर्धं रान रेघांत आलं. उरलेलं तांबडंच राहिलं, आणि या वेळी त्यांनी रंग बदलायला सांगितलं नाही.

चावडीत नकाशा लावला त्या दिवशी गोंधळ व्हायचा तो झालाच. नदीकाठचे लोक चिडले, माळवाले हरखले. "बायकांस्नी काय कळतंय?" असंही मागून कुणीतरी म्हणालं. आक्का उभ्या राहिल्या आणि मामाचं रान आपल्या तोंडानं सांगितलं, पेढ्यांपासून बाभळींपर्यंत. काहींना पटलं, काहींना नाही.

कालवा यायला पुढं बरीच वर्षं गेली. आला तोही सगळीकडं नाही. आक्कांनी चर मात्र पाणी यायच्या आधीच काढून ठेवले होते, दोन शेजाऱ्यांना सोबत घेऊन. ज्यांनी काढले नाहीत आणि ऊस घातला, त्यांतल्या काहींच्या रानात कडेला पांढरं दिसू लागलंय, असं ऐकते. मुलगा लगेच परत आला, असं काही झालं नाही. टाळेबंदीत माग बंद पडले तेव्हा तो बायकामुलांना घेऊन गावी आला आणि माळाच्या पट्ट्यात पाटाच्या पाण्यावर भुईमूग आणि भाजीपाला करू लागला. माग सुरू झाल्यावर तो परत गेला, मग पुन्हा आला. आता धाकटा नातू तिकडं शिकतो, म्हणून सून तिकडं आणि मुलगा इकडं. आक्का म्हणतात, "निम्मं घर आलं. निम्मं येईल."

मैत्रीण बदली होऊन विदर्भात गेली, तिथंच रमली. फोनवर अजूनही ओरडून बोलते. मामा गेला. आता असे नकाशे बरेचसे उपग्रहाच्या चित्रांवरून होतात. मीही करते, पेठेतल्या माझ्या खोलीत पंख्याखाली बसून. काम चांगलं होतं, लवकर होतं, चुका कमी होतात. पण पडद्यावर ते खोरं उघडलं की माझा हात नकळत त्या गावावर थांबतो, आणि मी चित्र मोठं करत जाते, घरांची छपरं दिसेपर्यंत.

गेल्या थंडीत मैत्रीण सुट्टीला आली तेव्हा आम्ही दोघी एसटीनं तिकडं गेलो. आक्कांचे गुडघे गेलेत, काठी घेऊन चालतात, आवाज तेवढाच आहे. मुलगा माळावर भिजवण करत होता. पाटातलं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत होता, फावड्यानं मातीचा एक घास काढायचा, दुसरा लावायचा. मैत्रिणीनं चपला काढल्या, साडी खोचली आणि सरळ वाफ्यात जाऊन उभी राहिली. पाणी तिच्या घोट्यांभोवती फिरलं आणि पुढं गेलं.

"कसं वाटतंय?" मी बांधावरून विचारलं.

"गार," ती म्हणाली.

"आगं, भुईमूग तुडवशील!" आक्का ओरडल्या. "हो भाईर!"

ती बाहेर आली नाही. आक्काही काठी टेकत बांधावर माझ्याशेजारी बसल्या, आणि पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत जाईतो आम्ही तिथंच बसून होतो.